अण्णांचा संसार

18 एप्रिल 1958 या दिवशी भारताच्या टपालखात्याने पंधरा नव्या पैशांचे एक तिकीट काढले. त्यावर एका म्हाताऱ्या गृहस्थाचा चेहरा होता. तिकिटावर छापली जाणारी माणसे बहुधा कैलासवासी असतात. हे गृहस्थ मात्र हयात होते आणि त्याच दिवशी त्यांना शंभर वर्षे पूर्ण झाली होती! मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर त्यांचा सत्कार झाला, पंतप्रधान नेहरू त्याला हजर होते आणि त्याच साली त्यांना ‘भारतरत्न’ ही पदवी मिळाली. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे वैभव महाराष्ट्राला पाठ आहे. हिंगण्याचा आश्रम, महिला विद्यापीठ, विधवांचे शिक्षण हे सारे आपण शाळेच्या पुस्तकात शिकलो.

पण हा माणूस कोणाचा तरी नवरा होता, चार मुलांचा बाप होता, सुनांचा सासरा होता. महिन्याच्या पहिल्या तारखेला त्याच्याही घरी वाण्याचे बिल येत असेल. संस्था उभी करणारा माणूस संसार कसा करतो? आणि त्या संसारातल्या माणसांना ते कसे वाटते? दिवाळीला घरातली सारी मंडळी एकत्र जमलेली असताना हा प्रश्न विचारायला हरकत नाही. अण्णांच्या थोरवीला त्याने उणेपणा येत नाही. उलट ती थोरवी कशाच्या मोलाने आली ते कळते.

मुरुडचा मुलगा

अण्णांचे गाव दापोली तालुक्यातील मुरुड. घर गरिबीचे, पण मानी. शिक्षणाची ओढ या मुलाला किती असावी? 1875 साली सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेसाठी तो सोबत्यांबरोबर पायी साताऱ्याला निघाला. सुमारे एकशेदहा मैलांची वाट, मध्ये कुंभार्ली घाट आणि वरून पाऊस. मजल दरमजल करीत सातारा गाठले तर परीक्षेच्या साहेबांनी त्याच्याकडे पाहून सांगितले, की तुझे वय सतराच्या आत दिसते, तुला बसता येणार नाही. मुलगा अंगापिंडाने लहानखुरा, एवढाच त्याचा गुन्हा! आल्या पावली तो परत फिरला आणि पुढे कोल्हापूरला जाऊन तीच परीक्षा पास झाला.

या गोष्टीत सारे अण्णा आले. तक्रार नाही, आकांडतांडव नाही. नकार ऐकायचा, पाठ फिरवायची आणि दुसऱ्या वाटेने तिथेच पोहोचायचे. पुढे पाऊणशे वर्षे त्यांनी हेच केले.

मॅट्रिक व्हायला 1881 साल उजाडले, म्हणजे तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. 1884 साली एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन ते बी. ए. झाले. तोवर ते संसारीही झाले होते. राधाबाईंशी त्यांचे लग्न त्या काळच्या रिवाजाप्रमाणे बालपणीच झाले होते आणि 1882 च्या जानेवारीत रघुनाथ हा मुलगा झाला होता. मुंबईत मुलींच्या शाळांतून गणित शिकवायचे, शिकवण्या करायच्या आणि त्या मिळकतीत आपले बिऱ्हाड चालवून गावाकडच्या होतकरू मुलांनाही हात द्यायचा, असा त्यांचा क्रम होता. त्या मुलांतलाच एक मुर्डीचा रघुनाथ परांजपे, नात्याने भाऊ. हा मुलगा पुढे 1899 साली केंब्रिजला सीनिअर रँग्लर झाला आणि परत येऊन फर्ग्युसन कॉलेजचा प्रिन्सिपॉल झाला. ज्याला शिकवून वर आणले त्याच्याच हाताखाली अण्णा मग निमूटपणे प्रोफेसरी करीत राहिले. आपल्या घरांतून धाकट्याचा मोठेपणा पचवणारी किती वडीलधारी माणसे सापडतील?

दुसरा संसार

1891 साली राधाबाई वारल्या. त्याच साली गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून अण्णा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला आले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदाने वीस वर्षे पंचाहत्तर रुपये महिन्यावर काम करायचे, असा तेव्हाचा दंडक होता.

तिशी ओलांडलेला, पदवीधर, नोकरदार विधुर. दहाबारा वर्षांची मुलगी सांगून येणे अगदी सहज होते. पण अण्णांनी ठरवले होते, की पुन्हा लग्न केले तर विधवेशीच करीन. मुंबईत त्यांचे मित्र नरहरपंत जोशी आणि ते एकत्र बिऱ्हाड करून राहत. नरहरपंतांची बहीण गोदूबाई याच बिऱ्हाडी मदतीला आलेली होती. राधाबाईंच्या हाताखाली तिने काम केले होते. आठव्या वर्षी कपाळ पांढरे झालेली देवरुखची ही मुलगी. 1889 साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन काढले, तेव्हा तिथे शिकायला दाखल झालेली पहिली विधवा हीच. 11 मार्च 1893 रोजी पुण्यात धोंडोपंत कर्वे आणि गोदूबाई यांचा पुनर्विवाह झाला. त्या आनंदीबाई झाल्या. पण साऱ्या महाराष्ट्राला पुढे त्या ‘बाया’ म्हणूनच ठाऊक झाल्या.

लग्न झाले आणि मुरुडने दार लावून घेतले. गावाने सभा भरवून बहिष्कार घातला. ज्या गावावर अण्णांचा जीव, त्या गावात त्यांना आपल्या आईच्या पंक्तीला उघडपणे बसता येईना. घरच्यांनी त्यांना जवळ केले असते तर घरच्यांनाही वाळीत पडावे लागले असते. समाजसुधारणेचा इतिहास लिहिताना आपण ‘बहिष्कार’ हा शब्द सहज लिहून पुढे जातो. त्याचा खरा अर्थ एवढाच, की मुलगा घरी येतो आणि आईला त्याला आपल्याजवळ पाट मांडता येत नाही.

घरातली बाई, आश्रमाबाहेर

1893 सालच्या अखेरीस अण्णांनी पुनर्विवाहाच्या पुरस्कारासाठी मंडळी काढली. पण लवकरच त्यांच्या ध्यानात आले, की पुनर्विवाह करायला धजणाऱ्या विधवा हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या. बाकीच्यांना आधी शिक्षण हवे, स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचे बळ हवे. 14 जून 1896 रोजी अनाथ बालिकाश्रम स्थापन झाला. पुण्यात प्लेग आला, तेव्हा आश्रम गावाबाहेर नेणे भाग पडले. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये दिले आणि 1900 साली त्या माळावर पहिली झोपडी उभी राहिली.

आज त्या जागेला कर्वेनगर म्हणतात. उंच इमारती, मुलींचे इंजिनीयरिंग कॉलेज, रस्त्यावर वाहनांची रीघ. तेव्हा तो चारेक मैलांवरचा ओसाड माळ होता. अण्णा दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवीत आणि कॉलेज सुटले की हिंगण्याची वाट धरीत. पावसाळ्यात वाटेत गुडघाभर चिखल. आश्रमाला लागणारे जिन्नसही कित्येकदा तेच घेऊन जात. पन्नास वर्षांपलीकडे वय गेल्यावरही या माणसाचे पाय थकले नाहीत.

पण मग घरी कोण होते? घरी बाया होत्या. शंकर, दिनकर, भास्कर ही मुले एकामागून एक झाली आणि त्यांचे बिऱ्हाड पुण्यात राहिले. हे केवळ सोयीचे म्हणून नव्हे. आश्रमात मुली पाठवणारे आईबाप जुन्या वळणाचे. आश्रमात गेली की मुलीचा पुनर्विवाहच लावून देतात, हा त्यांच्या मनातला धाक. म्हणून अण्णांनी आश्रम आणि पुनर्विवाहाची चळवळ यांच्यामध्ये भिंत घातली. आश्रम हा शिक्षणाचा, पुनर्विवाहाचा नव्हे, असे पुन्हापुन्हा सांगितले. आणि पुनर्विवाहाचे जितेजागते उदाहरण तर त्यांच्याच घरी होते! ज्या आश्रमासाठी नवरा रात्रंदिवस राबतो, त्या आश्रमात आपण वावरलो तर त्याचेच नुकसान, ही बायांची अवस्था. विधवांसाठी काढलेल्या घराचा उंबरा एका विधवेनेच जपून ओलांडायचा!

अण्णांचे हे धोरण चुकले, असे म्हणता येणार नाही. भिंत नसती तर आश्रम चार दिवसांत बंद पडला असता. पण त्या भिंतीची किंमत अण्णांनी एकट्याने दिली नाही; ती बायांनी दिली. हे आपण विसरतो.

पॉलिसी

किंमत रुपयांतही होती. पंचाहत्तर रुपये पगार, घरात मुले, पाहुणेरावळे, शिकायला आलेली नात्यागोत्यातली मंडळी. यातून जे शिलकीत पडे, त्यालाही आश्रमाची वाट फुटे. एवढेच नव्हे तर अण्णांनी आपल्या आयुर्विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे करून दिली. आयुर्विमा म्हणजे घरच्या कर्त्या माणसाने बायकामुलांना दिलेले शेवटचे वचन. तेच त्यांनी संस्थेला देऊन टाकले.

बायांना याचा राग आला, त्या कष्टी झाल्या. कोणत्या गृहिणीला होणार नाही? एकदा कपाळ पांढरे होऊन आश्रिताचे जिणे काय असते ते भोगलेल्या बाईला तर दुप्पट व्हावे. उद्या याचे बरेवाईट झाले तर माझ्या चार मुलांना घेऊन मी कोणाच्या दारी जाऊ, हा प्रश्न तिच्या मनात येणे यात कोता स्वार्थ नव्हता. तो अनुभव होता.

बायांचे वेगळेपण असे, की त्यांनी हे सारे गिळून ‘थोर पतीची थोर पत्नी’ अशी पाटी गळ्यात अडकवून घेतली नाही. 1944 साली ‘माझे पुराण’ हे त्यांचे आत्मवृत्त प्रसिद्ध झाले. धाकट्या सूनबाई कावेरीबाई कर्वे यांनी ते सिद्ध केले. ज्यांनी ते वाचले नाही त्यांनी अण्णांच्या आत्मवृत्ताशेजारी ठेवून जरूर वाचावे. अण्णांच्या लिखाणात हिशेब आहे, तारखा आहेत, उपकारकर्त्यांची नावे आहेत. बायांच्या लिखाणात चूल आहे, आजारपणे आहेत, मनातली बोच आहे. एकाच संसाराच्या या दोन वह्या. दोन्ही मिळवल्याशिवाय ताळेबंद जुळत नाही.

आणि याच बाया पुढे संस्थेसाठी स्वतः दारोदार वर्गणी मागत हिंडल्या. भांडल्याही आणि राबल्याही. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले यांनी तर आश्रमाला सारे आयुष्य वाहिले. तरुण वयात वैधव्य आलेली, इंग्रजीचा गंध नसलेली ही बाई 1918 साली एकटी अमेरिकेला गेली. म्हणजे आश्रमाच्या पायात जोशांच्या घरच्या दोन बहिणींचे आयुष्य भरलेले आहे.

बाप आणि मुलगे

1915 साली राष्ट्रीय सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून अण्णांनी स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली. जपानमधील महिला विद्यापीठाची एक पुस्तिका त्यांच्या हाती आली होती, तिने त्यांच्या मनाचा ताबा घेतला. 1916 साली विद्यापीठ निघाले, ते अवघ्या पाच विद्यार्थिनींवर! शिक्षण मातृभाषेतून द्यायचे, हा बाणा. लोक हसले. पण 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लक्ष रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्री श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव विद्यापीठाला मिळाले. आज मुंबईत चर्चगेटला दिमाखाने उभे आहे, ते हेच.

हे सारे चालले असताना मुले मोठी झाली. मोठ्या माणसाच्या मुलांचे बहुधा दोनच प्रकार होतात. एक बापाच्या सावलीत खुरटतो, दुसरा बापाच्या नावावर जगतो. अण्णांच्या चारही मुलांचे यातले काहीच झाले नाही.

थोरले रघुनाथराव मॅट्रिकला पहिले आले आणि गणिताचे प्राध्यापक झाले. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. या कार्यापायी 1925 साली त्यांना विल्सन कॉलेजातील नोकरी सोडावी लागली. 1927 पासून 1953 साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढले, दंड भरले. बाप एकेक पाऊल जपून टाकणारा, लोकांना न दुखवता पुढे नेणारा. मुलगा रोखठोक, लोकांना दुखवल्याशिवाय ते जागे होणार नाहीत असे मानणारा. पण नीट पाहिले तर मुलगा बापाचाच होता. बापाने बाईच्या शिक्षणाचा हक्क मागितला, मुलाने तिच्या देहावरचा. पुढे कायद्याने आणि सरकारने मुलाचे म्हणणेही मान्य केले. तो दिवस पाहायला मात्र तो उरला नाही.

दुसरे शंकरराव डॉक्टर होऊन आफ्रिकेत मोंबासाला स्थायिक झाले. अण्णा 1929 साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, जगाच्या प्रवासाला निघाले. डेन्मार्कमध्ये एल्सिनोरच्या शिक्षण परिषदेला गेले, बर्लिनला आइन्स्टाइनना भेटले, अमेरिका आणि जपान पाहून आले आणि मग विद्यापीठासाठी निधी जमवायला आफ्रिकेत गेले. तिथे बाया त्यांच्याबरोबर होत्या. आश्रमाच्या उंबऱ्याबाहेर उभी केलेली बाई आता विद्यापीठाच्या कामासाठी नवऱ्याच्या जोडीने समुद्रापार गेली होती!

तिसरे दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि पुढे फर्ग्युसनचे प्रिन्सिपॉल. चौथे भास्करराव, त्यांनी आणि कावेरीबाईंनी हिंगण्याच्या संस्थेलाच वाहून घेतले.

सासरे आणि सून

दिनकररावांच्या पत्नी म्हणजे इरावतीबाई. रँग्लर परांजप्यांच्या घरी वाढलेली ही मुलगी 1926 साली कर्व्यांची सून झाली. तिला जर्मनीला जाऊन पुढे शिकायचे होते. अण्णा साऱ्या जन्मात बाईला शिकवा म्हणून दारोदार हिंडले. त्यांच्या घरच्याच सुनेने शिकायला परदेशी जायचे म्हटले तर त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण अण्णांनी विरोध केला!

हे ऐकून चकित व्हायला होते. पण दुसऱ्यांच्या मुलींना पुढे ढकलणे आणि आपल्या घरच्या सुनेला दूर पाठवणे या दोन गोष्टी मोठ्या माणसालाही सारख्या वाटत नाहीत, हेच यातून दिसते. आपल्या घरांतूनही हेच घडते. भाषण वेगळे आणि बोटीचे तिकीट वेगळे!

मात्र यापुढचा भाग अधिक महत्त्वाचा. दिनकररावांनी वडिलांचे ऐकले नाही. जीवराज मेहतांकडून कर्ज काढून त्यांनी 1928 साली पत्नीला बर्लिनला पाठवले. इरावतीबाई डॉक्टरेट घेऊन परत आल्या आणि अण्णांच्याच महिला विद्यापीठात 1936 पर्यंत त्यांनी रजिस्ट्रारचे काम पाहिले. ज्या प्रवासाला सासऱ्यांची ना होती, त्या प्रवासाचे फळ सासऱ्यांच्या संस्थेला मिळाले. पुढे त्या मानववंशशास्त्रातल्या जगन्मान्य विदुषी झाल्या आणि ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून मराठी घराघरांत पोहोचल्या.

वडिलांचा शब्द मोडला म्हणून त्या घरातून कोणी कोणाला तोडले नाही. अण्णा शिक्षक म्हणून घरात यशस्वी झाले ते इथे. ज्या शिक्षकाचा विद्यार्थी त्याच्याशी कधी मतभेदच करू शकत नाही, त्याचे शिकवणे अपुरे राहिले असे समजावे. कर्व्यांच्या घरात बायकोने पॉलिसीवरून भांडण केले, मुलाने बापाला झेपणार नाहीत असे विषय हाती घेतले, दुसऱ्या मुलाने बापाला न विचारता कर्ज काढले. आणि हे सारेजण अखेरपर्यंत एकमेकांचे राहिले.

ताळेबंद

आयुष्याच्या उतरणीवर माणूस देवदर्शनाला जातो. अण्णांनी 1936 साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले आणि 1944 साली, शहाऐंशी वर्षांचे असताना, जातिभेद मोडण्यासाठी समता संघ. 29 नोव्हेंबर 1950 रोजी बाया गेल्या. सत्तावन्न वर्षांचा संसार संपला. पुढे पद्मविभूषण आले, टपालाचे तिकीट आले, भारतरत्न आले; हे पाहायला बाया नव्हत्या. 9 नोव्हेंबर 1962 रोजी, वयाच्या एकशेपाचव्या वर्षी, अण्णांनीही डोळे मिटले.

अण्णा चांगले संसारी होते का? बँकेच्या पासबुकावरून पाहिले तर नव्हते, असेच म्हणावे लागेल. बायकोला स्वास्थ्य दिले नाही, मुलांसाठी इस्टेट ठेवली नाही, घरच्यांच्या वाटणीचा वेळ दुसऱ्यांना दिला. बायांनी हे स्पष्ट सांगितले आणि त्यांचे म्हणणे खरे होते. पण त्याच घरातून एक निर्भय सुधारक, एक डॉक्टर, एक प्राचार्य, संस्थेचा एक निष्ठावंत सेवक, एक थोर विदुषी आणि आपली तक्रार छापील अक्षरांत मांडण्याचे धैर्य असलेली एक गृहिणी निघाली. यातला कोणीही दुसऱ्याची नक्कल नव्हता.

हिंगण्याच्या संस्थेचा भाऊबीज निधी कित्येक कुटुंबांच्या परिचयाचा आहे. दिवाळीत संस्थेचे सेवक दारी येतात आणि शिकणाऱ्या बहिणींसाठी ओवाळणी मागून नेतात. ती ओवाळणी घालताना अण्णांचे नाव आपल्या ओठांवर येते, ते यायलाच हवे. मात्र त्यांच्या शेजारी आणखी एक नाव घ्यावे. विधवांची पहिली ओवाळणी या महाराष्ट्रात एका बाईने आपल्या मुलांच्या तोंडच्या घासातून घातलेली आहे. तिचे नाव बाया कर्वे.